बाजार घरचा, व्याजदर फेडचा

आर्थिक परिस्थिती आणि शेअरचे भाव यांच्या नात्याबद्दल आजही ज्याचा दाखला दिला जातो, तो अभ्यास चेन, रोल आणि रॉस या अर्थतज्ज्ञांचा, १९८६ सालचा. औद्योगिक उत्पादन, अनपेक्षित महागाई, अल्प आणि दीर्घ मुदतीच्या व्याजदरांतली तफावत हे त्यातले मुख्य घटक. आकडे सगळे अमेरिकेचे. विनिमय दराला, म्हणजे एका चलनाच्या दुसऱ्या चलनातल्या किमतीला, त्यात जागा नव्हती, आणि विकसनशील देशांत नेमका तोच निर्णायक ठरला.

दक्षिण कोरिया आणि भारत यांनी १९९२ मध्ये आपले बाजार परकीय गुंतवणूकदारांना खुले केले. त्याच वर्षी फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा (फेडचा), व्याजदर ३ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे पैसा जास्त परताव्याच्या शोधात बाहेर पडला. लॅटिन अमेरिकेकडे लागलेल्या ओघामागे तिथल्या सुधारणांखेरीज बाहेरच्या स्वस्त पैशाचाही मोठा हात आहे, असं काल्व्हो, लीडरमन आणि राइनहार्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्येच मांडलं होतं. तेजीत असलं कोण ऐकतो!

फेब्रुवारी १९९४ पासून फेडने दर वाढवायला घेतला आणि नोव्हेंबरपर्यंत साडेपाच टक्क्यांवर नेला. मेक्सिकोची चालू खात्यावरची तूट, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या व्यापार-व्यवहारांत मिळकतीपेक्षा जास्त झालेला खर्च, तेव्हा जीडीपीच्या ७ टक्क्यांच्या आसपास होती. गुंतवणूकदार टिकून राहावेत म्हणून सरकारने डॉलरशी जोडलेले अल्पमुदतीचे रोखे, ‘तेसोबोनोस’, विकले होते. म्हणजे तिथलं चलन, पेसो, घसरलं की कर्ज आपोआप फुगणार. २० डिसेंबरला सरकारने डॉलरच्या पेसोतल्या दराची आपण ठरवलेली वरची मर्यादा १५ टक्क्यांनी वाढवली आणि दोनच दिवसांत पेसो मोकळा, म्हणजे बाजार ठरवेल त्या दरावर, सोडावा लागला. अशा वेळी परकीय गुंतवणूकदाराला दुहेरी फटका बसतो: शेअर पडतो आणि हातात आलेल्या पेसोचे डॉलरही कमी होतात. म्हणून तो ताळेबंद बघत बसत नाही. चलनाबद्दल नुसता संशय आला तरी विकून मोकळा होतो.

थायलंडमध्ये २ जुलै १९९७ ला चलन मोकळं सोडल्यानंतर हेच झालं, फक्त तिथे डॉलरचं कर्ज खासगी कंपन्या आणि वित्तसंस्थांच्या डोक्यावर होतं. मे २०१३ मध्ये फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्के यांनी फेडची रोखेखरेदी (बाजारात पैसा ओतण्याचा मार्ग) कमी करण्याचे नुसते संकेत दिले, तरी ब्राझील, भारत, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका यांची चलनं घसरली. पाचही देशांत चालू खातं तुटीत होतं.

पुढच्या खेपेला ब्राझीलने वाट पाहिली नाही. फेडच्या वर्षभर आधी, मार्च २०२१ मध्ये, दरवाढ सुरू केली आणि दर २ वरून पावणेचौदा टक्क्यांवर नेला. तुर्कस्तान उलट्या वाटेने गेला. २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर पोचली तरी तिथे दरकपात चालू होती, आणि इस्तंबूलच्या शेअर बाजाराचा निर्देशांक तिथल्या चलनात, लिरामध्ये, वर्षभरात जवळजवळ तिप्पट झाला. ठेवींवरचं व्याज महागाईच्या पासंगालाही पुरत नव्हतं, म्हणून घरगुती बचत शेअर बाजाराकडे वळली.