पळालेल्या व परदेशी शिकारप्राण्यांची शिकार : कायदेशीर स्थिती

मांस, शिंगे, फर किंवा पैसे घेऊन करू दिली जाणारी शिकार यांसाठी कुंपणात पाळलेले हरीण, एल्क (हरणाची एक मोठी जात), रानडुक्कर किंवा फेझंट (कोंबडीच्या कुळातला शिकारपक्षी) निसटून मोकळ्या रानात गेले, तर ते मारता येते का, याविषयीचे कायदे. यात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात : प्राणी कोणाचा, आणि तो मारायची मुभा आहे का. पहिल्याचे उत्तर मालमत्तेच्या कायद्यात सापडते, दुसऱ्याचे वन्यजीव व पशुरोगांविषयीच्या कायद्यांत. मालकी संपली म्हणून कोणीही गोळी झाडावी असे होत नाही, आणि मालकाचा दावा उभा असतानाही सरकार प्राणी मारायला सांगू शकते.

मालकीचा विचार रोमन कायद्याइतका जुना आहे. रोमन सम्राट जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या कायदेग्रंथानुसार (इ. स. ५३३) पकडलेला वन्य प्राणी ताब्यात असेपर्यंतच पकडणाऱ्याचा, तो नजरेआड झाला किंवा त्याचा पाठलाग अवघड झाला, की पुन्हा बेवारस. जाऊन परत येण्याची सवय असलेली कबुतरे व हरणे ती सवय टिकेपर्यंत मालकाचीच राहतात. कोंबड्या आणि पाळीव हंस मात्र कितीही दूर उडाले तरी मालकाचेच. ते ठेवून घेणारा चोर ठरतो. जर्मन नागरी संहितेचे कलम ९६० आजही याच वळणाचे आहे : मालकाने विनाविलंब पाठलाग केला नाही किंवा मध्येच सोडून दिला, तर त्याचा हक्क जातो.

हा नियम पशुपालनाच्या धंद्याला नीट लागू पडत नाही. १९२७ मध्ये अमेरिकेतील कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयापुढे फरसाठी पाळलेल्या, पळून मारल्या गेलेल्या चंदेरी कोल्ह्याचे प्रकरण आले. कोल्ह्याच्या कानावर गोंदलेली खूण होती. असे कातडे घेणाऱ्याला ते पाळलेल्या प्राण्याचे असल्याची जाणीव असायला हवी, असे मानून न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला. आज कानातला बिल्ला हेच काम करतो.

शिकारीची मुभा हा वेगळा भाग. न्यूझीलंडमध्ये सगळीच हरणे बाहेरून आणलेली; तेथील १९७७ चा कायदा त्यांना नियंत्रणात ठेवायचे वन्य प्राणी मानतो, मात्र भक्कम कुंपणातली व खूण केलेली हरणे त्यातून वगळतो. इंग्लंडमध्ये मुंटजॅक (लहान हरणाची एक जात) आणि रानडुक्कर यांना बंदीचा हंगाम नाही. टेक्ससमध्ये चितळ, नीलगाय आणि काळवीट यांना राज्याचा हंगाम किंवा संख्येची मर्यादा लागू नाही; शिकार परवाना आणि जमीनमालकाची संमती मात्र लागते. हेच काळवीट भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. प्राणी तोच, पण कायदा तो कोठे उभा आहे हे पाहतो.

एक वादग्रस्त उदाहरण अमेरिकेतील आयडाहो राज्याचे. २००६ मध्ये तेथील एका खाजगी शिकारकुरणातून मोठ्या संख्येने एल्क निसटले. रानातल्या कळपांत रोग जाईल, संकर होईल, या भीतीने राज्यपालांनी ते मारण्याचा आदेश काढला आणि शिकाऱ्यांनाही मुभा दिली. मालकाचे नुकसान हा मुद्दा इथे मागे पडला. हरणांना होणारा, मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पाहता ही भीती अवाजवी म्हणता येत नाही.

तरीही खुली शिकार हा उपाय उलटू शकतो. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९९९ मध्ये रानटी डुकरांची शिकार राज्यभर खुली केली. शिकारीच्या हौसेने लोकांनीच डुकरे नव्या भागांत नेऊन सोडली आणि प्रसार वाढला. २०११ मध्ये राज्याने त्यांचा शिकारप्राण्याचा दर्जा काढला. हौशी शिकार बंद झाली, जमीनमालकाला आपल्या जमिनीवर ती मारण्याची मोकळीक राहिली.

ब्रिटनमधील फेझंटची गोष्ट आणखी विचित्र आहे. जाळीत असेपर्यंत तो वाढवणाऱ्याची मालमत्ता असतो. शिकारीसाठी सोडला की वन्य पक्षी होतो. मग तो शेजारच्या शेतात उतरला, तर तेथे त्याला मारण्याचा हक्क सोडणाऱ्याकडे राहत नाही, त्या जमिनीवर ज्याचा शिकारहक्क आहे त्याच्याकडे जातो.