पहिलं ऑइल हजार किलोमीटरला: हा आकडा आला कुठून?

नवी गाडी घेऊन महिना झाला की पहिल्या फ्री सर्व्हिसचा फोन येतो. गाडी हजारभर किलोमीटर चाललेली असते. सर्व्हिस सेंटरवाले ती धुतात, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी बघतात, नटबोल्ट तपासतात आणि परत देतात. इंजिन ऑइल बहुतेक वेळा बदललेलं नसतं. घरात कुणी फियाट किंवा अॅम्बॅसिडर वापरलेली असेल तर त्यांचा जीव तिथेच खालीवर होतो. ‘हजारला ऑइल काढलंच नाही?’ ही काळजी त्यांनी स्वतःच्या अनुभवातून कमावलेली आहे, म्हणून ती थट्टेवारी नेऊ नये. ज्या इंजिनांवर ते शिकले, त्या इंजिनांना याची खरोखरच गरज होती.

सुरुवात शोधायची तर फोर्डच्या मॉडेल टी पर्यंत जावं लागतं. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या या गाडीला ऑइल फिल्टर नव्हता आणि ऑइल पंपही नव्हता. इंजिनाचं जड फिरतं चाक, म्हणजे फ्लायव्हील, चेंबरमधलं ऑइल उडवायचं आणि तेच सगळीकडे पोचायचं. नवी गाडी ४०० मैल, म्हणजे साधारण ६४० किलोमीटर चालली की जुनं ऑइल काढून टाका आणि पुढे दर ७५० मैलांनी बदला, असं फोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेलं होतं. नुसतं काढून भागत नसे. चेंबरमध्ये एक गॅलन रॉकेल ओतायचं, इंजिन हाताने पंधरा-वीस वेळा फिरवायचं, सगळं खळबळून निघालं की रॉकेल काढून नवं ऑइल भरायचं. ऑइल बदलण्याआधी इंजिन रॉकेलने धुणारे मिस्त्री आपल्याकडेही होते. ती रीत किती जुनी आहे ते या पुस्तिकेवरून कळतं.

एवढा खटाटोप कशासाठी? ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये बोअर, म्हणजे पिस्टन चालायचं गोल भोक, पाडला की त्याच्या भिंतीवर बारीक उंचवटे राहतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासतात, उंचवटे झिजतात आणि रिंगा भिंतीला नीट बसतात. यालाच आपण इंजिन मोकळं होणं म्हणतो. या घासाघाशीत निघालेला लोखंडाचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. त्या काळी त्याच्या जोडीला ओतकामातली वाळू असायची, कापकामाचे कणही राहून गेलेले असायचे. फिल्टरच नसल्याने हे सगळं पुन्हा पुन्हा फिरत्या शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगांमधून फिरायचं. मॉडेल टीचे बेअरिंग बॅबिट नावाच्या मऊ धातूचे होते. त्यात कण रुतला की शाफ्टवर ओरखडा ठरलेलाच. अशा इंजिनातलं पहिलं ऑइल लवकर काढणं हाच त्याला वाचवण्याचा उपाय होता.

१९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड यांचा प्युरोलेटर हा ऑइल फिल्टर आला आणि पुढच्याच वर्षी क्रायस्लरने आपल्या गाडीत फिल्टर दिला. पण सुरुवातीचे फिल्टर बायपास पद्धतीचे होते. ऑइलचा थोडासाच भाग त्यांतून जायचा, बाकीचं न गाळताच बेअरिंगकडे. सगळं ऑइल गाळून मगच पुढे पाठवणारे फिल्टर सार्वत्रिक व्हायला पुढची काही दशकं गेली. फोक्सवॅगनच्या हवेने थंड होणाऱ्या बीटलमध्ये तर कित्येक दशकं नुसती तारेची जाळी होती.

ऑइल स्वतःही बदलत गेलं, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या साध्या ऑइलमध्ये घाण तळाशी बसायची. वरून ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसायचं आणि चेंबरच्या तळाला गाळाचा थर साचत राहायचा. १९३५ च्या सुमारास कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांसाठी घाण धरून ठेवणारी रसायनं घातलेली ऑइलं आली आणि पुढे ती पेट्रोल गाड्यांतही रुळली. ही ऑइलं काजळी स्वतःत तरंगत ठेवतात, म्हणून लवकर काळी पडतात. गेजपट्टी ओढून बघितली, ऑइल काळं दिसलं, म्हणजे ते संपलं असा अर्थ आपण अजूनही लावतो. खरं तर ते आपलं काम करत असतं.

आपल्या रस्त्यांवर बरीच वर्षं जुन्या आराखड्यांचंच राज्य होतं. उत्तरपाऱ्यात बनणारी अॅम्बॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी म्हणजे फियाट ११००. ब्रिटनमध्ये नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ (इंजिन अजून मोकळं होतंय, पुढे जा) अशी चिठ्ठी लावायची पद्धत होती आणि तिथल्या पुस्तिका पहिलं ऑइल ५०० मैलांना काढायला सांगत. हेच संस्कार आपल्याकडे आले. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली गाडी माणसं पहिले काही आठवडे तळहाताच्या फोडासारखी जपत. चाळीसच्या वर न्यायची नाही, चढावर रेटायची नाही, पहिलं ऑइल वेळेआधीच काढायचं. नवी गाडी आयुष्यात एकदाच मिळणार होती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि जपानी पद्धतीचं इंजिन घरोघरी पोचलं. नंतरच्या काळात बोअर तयार करण्याची कला पार बदलली. आता होनिंग करताना, म्हणजे बोअरची भिंत बारीक घासताना, तिरक्या रेघा आखून त्यांच्या उंचवट्यांची टोकं कारखान्यातच छाटली जातात. जे घासकाम पूर्वी मालकाला रस्त्यावर करावं लागे, त्यातलं बरंचसं गाडी हातात येण्याआधीच झालेलं असतं. ब्लॉक जोरदार फवाऱ्याखाली धुतले जातात, त्यामुळे वाळू आणि कापकामाचे कण पूर्वीसारखे मागे राहत नाहीत. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल प्रयोगशाळेत तपासलं तर त्यात धातूचं प्रमाण नंतरच्या ऑइलांपेक्षा जास्त निघतं, हे आजही खरं आहे. पण ते कण इतके बारीक आणि थोडे असतात की कंपन्यांनी ते गृहीत धरूनच पहिल्या बदलाची मुदत ठरवलेली असते. होंडा तर अमेरिकेतल्या ग्राहकांना कारखान्यातलं ऑइल घाईने काढू नका असंच सांगते, कारण त्यात सुरुवातीच्या झिजेसाठी खास घटक असतात. याच्या उलट टोकाला बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या आहेत. त्यांची रनिंग-इन सर्व्हिस २,००० किलोमीटरला होते आणि तीत इंजिनाबरोबर डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचं, ऑइलही बदलतात.

मग आपल्याकडे हजारचा आकडा टिकला कसा? मला वाटतं, यात मोटरसायकलचा वाटा मोठा आहे. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. नव्या गिअरच्या दात्यांचा आणि क्लच प्लेटचा चुरा त्याच ऑइलमध्ये येतो, म्हणून पहिल्या सर्व्हिसला, ५०० ते १,००० किलोमीटरच्या आसपास, ते बदलायला कंपनीच सांगते. ज्याने आधी बाइक चालवली आणि मग कार घेतली, तो तोच नियम कारला लावणार. कारच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

माझा सल्ला विचाराल तर डॅशबोर्डच्या कप्प्यातली पुस्तिका काढा आणि त्यातला किलोमीटरचा आकडा बघा, महिन्यांचाही बघा. वर्षात चारच हजार किलोमीटर झाले तरी वर्षाची मुदत संपली की ऑइल बदलायचं. ‘खडतर वापर’ असा एक तक्ता बहुतेक पुस्तिकांत असतो. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये चालू इंजिन, यातलं काही तुमचं असेल तर तो तक्ता तुमच्यासाठी आहे आणि त्यातली मुदत कमी असते. मन मानतच नसेल आणि पहिलं ऑइल थोडं आधी काढलं, तर साध्या गाडीचं फारसं बिघडत नाही. फक्त ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारा आकडा, पुस्तिकेतलीच हवी. ०डब्ल्यू-२० सांगितलं असताना जुन्या सवयीने २०डब्ल्यू-४० भरू नका.

जुना नियम पूर्ण लागू पडतो ती एक जागा मात्र अजून आहे. गॅरेजमध्ये हाफ इंजिनचं काम करून, बोअर मारून, नव्या रिंगा टाकून गाडी बाहेर पडते, तेव्हा तिथे कारखान्यातलं होनिंग नसतं की फवाऱ्याखालची धुलाई नसते. अशा गाडीचं पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरलाच काढायला मिस्त्री सांगतात. त्यांचं ऐका.