लायसन्स आहे म्हणून रायफल घरी जोडता येत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, चहाच्या टपरीवर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: “बंदुकीचं लायसन्स हाय न्हवं? मग लेथवर बॅरल करून घ्या, लाकडी दस्ता बसवा, झाली शिकारीची रायफल!” अमेरिकेतले व्हिडिओ बघून त्यावर आणखी रंग चढलाय. तिकडे सुटे भाग आणून मनासारखी रायफल जोडणं हा अनेकांचा छंद आहे, ते खरं.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. कलम ३ चा परवाना फक्त शस्त्र बाळगण्याचा. बनवणं, दुरुस्ती, रूपांतर यांना कलम ५ चा वेगळा परवाना लागतो. आणि शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणजे नुसती बॅरलसुद्धा शस्त्रच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप.

आपले कारागीर कमी नाहीत, पण मोठ्या रायफलीच्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांच्या घरात जातो. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो! लेथवर केलेली बॅरल तो सोसू शकली नाही, तर ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटते.

बरं, शिकार कुठली करणार? संस्थानकाळचे चित्ते घेऊन शिकारीला जाण्याचे दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. पिकात घुसलेलं रानडुक्करही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, शेतीसंरक्षणाची बंदूक असली तरी.

रायफलीचंच वेड असेल तर शूटिंग रेंज गाठा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तिथूनच २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकापर्यंत गेला.