वाळूतला तारामासा : घेण्याआधी आणि घेतल्यावर

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या बडोद्यातील ग्राहकांसाठी

नव्या टँकच्या पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर बसला की बरेच जण वाळू साफ करायला तारामासा मागतात. तो थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. पाण्यातल्या सिलिकेटवर ते वाढते, आणि सिलिकेट संपले की काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तारामासा ते खात नाही. लाल-जांभळा चिकट थरही तो खात नाही.

वाळूत राहणारा हा तारामासा अ‍ॅस्ट्रोपेक्टन वंशाचा असतो आणि तो शिकारी आहे. बारीक शंख, शिंपले, किडे, वाळूत दडणारे छोटे कवचधारी जीव तो अख्खे गिळतो. त्याला गुदद्वार नसते, म्हणून रिकामी कवचे तोंडावाटेच परत बाहेर टाकतो. शिकारीसाठी वाळूत फिरताना वाळू खालीवर होते, तेवढीच काय ती सफाई. उलट वाळू खरोखर साफ ठेवणारे किडे आणि नासारियस, सेरिथसारखे शंख हेच त्याचे अन्न. लहान टँकमधली वाळू तो काही महिन्यांत ओसाड करतो आणि मग स्वतः उपाशी राहतो. दिवसभर वाळूत पुरलेला असल्यामुळे त्याची उपासमार कोणाला दिसत नाही. हौसेने आणलेले बहुतेक तारामासे असेच जातात, आणि हे टाळता येते.

टँक आणि वाळू

एका तारामाशाला किमान ३०० ते ४०० लिटरचा टँक हवा, आणि त्यात एकच. टँक चालू होऊन सहा महिने झालेले असावेत. वर्ष झाले असेल तर उत्तम. उंचीपेक्षा तळाचे क्षेत्र महत्त्वाचे. १२० × ६० सेंमी तळाचा टँक योग्य.

वाळू बारीक अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीसारख्या खनिजाची), साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर कणांची, आणि किमान ५ सेंमी खोल घ्या. वरच्या मापाच्या तळाला ३६ लिटर, म्हणजे सुमारे ५५ किलो वाळू लागते. प्रवाळाचे धारदार तुकडे किंवा जाड खडी चालत नाही. त्यात तो स्वतःला पुरू शकत नाही. दगड आधी थेट काचेवर बसवा आणि मग भोवती वाळू ओता. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली तारामासा शिरला की दगड सरकतो.

असा ६० सेंमी उंचीचा भरलेला टँक स्टँडसकट सहाशे किलोच्या घरात जातो. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर लाकडी तुळयांच्या माडीवर तो ठेवू नका, तळमजल्यावरच ठेवा. फ्लॅटमध्ये भिंतीला लागून, खाली बीम असेल अशी जागा बघा.

पाणी, आणि घरातले तांबे

तारामाशाच्या अंगात नळ्यांचे एक जाळे असते आणि ते पाठीवरच्या चाळणीसारख्या छिद्रातून बाहेरच्या पाण्याशी जोडलेले असते. माशासारखे शरीरातले मीठ सांभाळणे त्याला जमत नाही. बाहेरची क्षारता बदलली की आतली बदलते. म्हणून एरवी माशाला चालून जाणारा फरक याला चालत नाही.

घनता १.०२५ च्या आसपास, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम क्षार. तापमान २४ ते २६ अंश, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, फार तर २०. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा, आणि तो साध्या पाण्यापेक्षा ३५ क्षारतेच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवून घ्या. काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला की काटा वर चढतो आणि घनता आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

आजव्याचे असो, महीचे असो की बोअरचे, नळाचे पाणी थेट टँकमध्ये घालू नये. आरओचे पाणी घ्या, पण घरातला पिण्याचा आरओ तपासून. त्यात टीडीएस वाढवणारा नॉब असेल तर थोडे कच्चे पाणी परत मिसळले जाते. तो पूर्ण बंद करावा लागतो. आणि ‘कॉपर’ असे लिहिलेला आरओ असेल तर त्याचे पाणी मुळीच नको. तांबे माणसाच्या पाण्यात चालते, पण तारामासा, कोळंबी, शंख, प्रवाळ यांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहे. आपल्याकडे पाणी तांब्याच्या घागरीत किंवा हंड्यात भरून ठेवायची पद्धत आहे. ते पाणी टँकला नको, आणि टँकची बादली भरताना मध्ये तांब्या-पितळेचे भांडेही नको. झाकणाचा प्लास्टिक ड्रम फक्त टँकसाठी वेगळा ठेवा. पितळी कॉक, पितळी नळी-जोड टँकच्या वाटेत कुठेही नसावा.

माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या बऱ्याच औषधांत तांबे असते. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढूनच औषध द्या. मुख्य टँकमध्ये एकदा तांबे घातले की ते दगडात आणि वाळूत बसते, आणि नंतर कितीतरी दिवस हळूहळू सुटत राहते. जुना टँक विकत घेतला असेल तर आधीच्या मालकाला हा प्रश्न आवर्जून विचारा.

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदला. ४० लिटरला सुमारे दीड किलो कृत्रिम समुद्रमीठ लागते. आदल्या दिवशी मिसळून पंप लावून ठेवा. खायचे मीठ, सैंधव, खडे मीठ यांतले काहीही चालणार नाही.

बडोद्याचा उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी असते, तेव्हा पृष्ठभागावर पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. त्याची किंमत बाष्पीभवन: चार फुटी टँकमधून दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज उडते. मीठ मात्र मागेच राहते. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नाही. दोन दिवस विसरलात तर क्षारता ३५ वरून ३६ वर जाते, आणि मग एकदम दहा लिटर गोडे पाणी ओतले की परत खाली येते. हे हेलकावे तारामाशाला सोसत नाहीत. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेले पाणी आपोआप भरणारे यंत्र, बसवा; या जीवासाठी तो चैनीचा भाग नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच ओल असते, तेव्हा पंख्याने पाणी फारसे थंड होत नाही. पंख्याच्या भरवशावर उन्हाळा निभावलेले टँक पावसाळ्यातल्या उकाड्यात २९-३० अंशांवर जातात. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेणार असाल तर हे लक्षात ठेवून घ्या. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंपही जवळ असू द्या, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

घेताना आणि घरी सोडताना

तारामासा हवेत उचलू नका, पाण्यातच भांड्यात घ्या. पाण्यात हलकेच उलटा करून पाहा. पोटाच्या बाजूला नळीसारखे टोकदार पाय एकामागून एक हलताना दिसतील. या जातीच्या पायांना चूषक नसतात, म्हणून तो काचेवर चढत नाही, वाळूत खणतो. निरोगी तारामासा बाहू वाकवून काही मिनिटांत सुलटा होतो आणि वाळू मिळाली की बुडू लागतो. लुळे बाहू, टोकांवर पांढरे डाग, मधल्या चकतीत खळगा यांपैकी काहीही दिसले तर घेऊ नका, आम्ही देणारही नाही. एखाद्या बाहूचे टोक तुटलेले असेल पण चकती भरलेली आणि हालचाल चांगली असेल, तर बाहू पुन्हा वाढतो.

घरी आल्यावर औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा सेट वापरा. सुई काढून टाका, एक टोक टँकमध्ये आणि दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत, ज्यात तारामासा पिशवीच्या पाण्यासकट ओतला आहे. चक्रीने सेकंदाला तीन-चार थेंब धरा. तासाला सुमारे सहाशे मिली पाणी येते, म्हणजे एक लिटरचे तीन लिटर व्हायला तीन तास लागतात. दोन्ही पाण्यांची क्षारता सारखी झाल्याशिवाय थांबू नका. पिशवीचा प्रवास बारा तासांपेक्षा जास्त झाला असेल तर बादलीत आधी अमोनिया बांधणारे द्रावण घाला. पिशवी उघडली की पीएच वाढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. शेवटी भांड्याने उचलून, दिवे बंद करून वाळूवर ठेवा. बादलीतले पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका.

खायला घालणे

हे आठवड्यातून दोन-तीनदा करावेच लागते. सोललेली कच्ची कोळंबी, तिसऱ्यांचे मांस किंवा माकूळ, मीठ-हळद न लावलेले, नखाएवढे तुकडे करून फ्रीझ करा. टँकच्याच पाण्यात वितळवा. संध्याकाळी दिवे गेल्यावर तो वर येतो. लांब चिमट्याने तुकडा एका बाहूच्या पुढ्यात ठेवा आणि त्यावर भोके पाडलेली प्लास्टिकची वाटी उपडी घाला, नाहीतर साधू खेकडे आणि कोळंब्या आधी पळवतात. तारामासा वाटीत घेऊनच ती झाकली तरी चालते. तुकडा पोटाखाली गेला की वाटी काढा. तीन-चार तासांत खाल्ले नाही तर तुकडा बाहेर काढा.

बिघाड ओळखणे

आणल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत बाहूंची टोके विरघळू लागली तर कारण बहुधा क्षारतेचा धक्का किंवा तांबे. सहा महिने, वर्षभर चांगला राहून मग दिवसाही वाळूवर पडून राहू लागला, बाहू बारीक झाले, चकती आत गेली, तर उपासमार. दुसऱ्या प्रकारात वेळीच रोज खाऊ घातले तर काही सावरतात. मांस गळायला लागल्यावर फारसा उपाय उरत नाही.

चार-पाच दिवस दिसला नाही तर घाबरू नका, पण अमोनिया मोजा. वाढलेला असेल तर मेलेला तारामासा शोधून काढा. वाळू सगळी उकरू नका, एकेक भाग बोटाने चाचपा. हातमोजे घाला. अ‍ॅस्ट्रोपेक्टन पॉलिअकँथस या जातीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष आढळले आहे. टँकमध्ये हात घातल्यावर साबणाने धुवा, आणि मेलेला तारामासा कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही असा गुंडाळून टाका.

ट्रिगर आणि पफर मासे तसेच हार्लेक्विन कोळंबी त्याच्यासोबत ठेवू नका, ती त्याला खातात. वाळूवर ठेवलेले छोटे प्रवाळ तो पाडतो. ते दगडावर चिकटवा.

टँक लहान असेल तर तारामाशाऐवजी पाच-सहा नासारियस शंख घ्या. ते उरलेले अन्न खातात आणि वाळूही हलती ठेवतात.

जामनगरच्या सहलीत किनाऱ्यावर तारामासे दिसतात. कच्छच्या आखातातले ते सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ पासून संरक्षित आहे. तिथून जिवंत किंवा मेलेले काहीही उचलू नये. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली कुठूनही घेता येत नाहीत.

तारामासा घ्यायला येण्याआधी टँकचे २०० मिली पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, काठोकाठ भरून आणा. बाटली साबणाने धुतलेली नसावी. त्याच दिवशी तपासून देतो. तांब्याची चाचणीही त्यातच होते.