पार्श्वभूमी : मोठ्या चाकांचं वेड आलं कुठून

परवा आमच्या फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात 19 इंची अलॉय व्हील, म्हणजे हलक्या मिश्रधातूचं चाक, आलं. पुण्याहून गावी आलेल्या कुणाच्या तरी स्पोर्ट्स कारचं. खड्ड्यात आदळून रिमची कड वाकली होती आणि टायरच्या बगलेत अंड्याएवढा फुगा आला होता. दुकानदारानं टायरच्या भिंतीवर बोटं आडवी ठेवून मोजलं. "तीन बोटं रबर हाय भाऊ याले. मंग रिम वाकन नाही त काय?"

मोठ्या चाकाचं कौतुक इकडे नवं नाही. बैलगाडीचं लाकडी चाक मोठं ठेवत, कारण पावसाळ्यात काळ्या मातीतली चाकोरी खोल जाते. लहान चाक तिच्यात रुततं, मोठं निघून जातं. त्यावर लोहार धाव चढवायचा : घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी कडं गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचं, चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. कडं आकसलं की आरे नि तुंबा घट्ट आवळले जात. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गाडीचं गणित मात्र वेगळं. तिथे धुरकऱ्याला, म्हणजे गाडी हाकणाऱ्याला, हवा असतो हलकेपणा.

मोटारींच्या शर्यतीतही अलॉय चाक आलं ते याच हलकेपणापायी, मोठेपणासाठी नव्हे. 1924 साली फ्रान्समधल्या लियाँच्या ग्रां प्रीमध्ये बुगाटीनं टाइप 35 उतरवली. तिची आठ चपट्या आऱ्यांची चाकं ॲल्युमिनियमची ओतीव होती आणि ब्रेकचा ड्रमही त्यातच ओतलेला. चाक स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं हलकं, तितकं खाचखळग्यांतही रस्ता धरून राहतं. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये 1966 साली पोर्शे 911 एसला फुक्स या जर्मन कंपनीची घडीव अलॉय चाकं मिळाली, तीही 15 इंचीच.

मग आकार वाढला कशानं? आधी टायर बदललं. 1970 च्या दशकात पिरेलीनं पी7 हे बुटक्या भिंतीचं रेडियल आणलं. भिंत बुटकी असली की वळणावर टायर कमी लचकतं आणि स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते. दुसरं कारण ब्रेकचं. वेग वाढला तशा डिस्क मोठ्या झाल्या, आणि मोठी डिस्क लहान रिममध्ये मावत नाही. पहिल्या 911 ला 15 इंची चाकं होती. आजच्या साध्या 911 ला पुढे 19 आणि मागे 20 इंची असतात. या दोन्ही कारणांत दम आहे. शोभेचा भाग नंतर आला, आणि माझ्या मते आता तोच डोईजड झालाय.

कारण मोठं होतं ते रिम, चाक नव्हे. 205/55 आर16 म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर, भिंत तिच्या 55 टक्के आणि रिम 16 इंची. अशा टायरची भिंत सुमारे 113 मिलिमीटर आणि पूर्ण व्यास 632. त्याच गाडीला 225/40 आर18 लावलं तर भिंत उरते 90, व्यास 637. रिम दोन इंचांनी वाढलं, चाक वाढलं जेमतेम पाच मिलिमीटर. व्यास असा जुळवूनच घ्यावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो. म्हणजे बैलगाडीच्या मोठ्या चाकाचा जो फायदा होता, तो इथे मिळतच नाही. वर स्वस्तातलं ओतीव 18 इंची रिम बऱ्याचदा मूळ रिमपेक्षा जड भरतं, आणि ते वजन कडेला असतं, जिथे फिरवायला नि थांबवायला जास्त जोर लागतो. ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसतं ते, चुकलं तर टायर मडगार्डला घासतं, ते वेगळंच.

आपल्याकडे तर चाक आधी लहान झालं होतं. अँबेसेडरचं 15 इंची, फियाटचं 14. 1983 साली आलेल्या मारुती 800 चं अवघं 12. हिच्यापासूनच पोरांना चाक बारकं दिसायला लागलं असावं.

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत हलतो. समृद्धीच्या काँक्रीटवर तीन बोटं रबर खपून जाईल, पण खाली उतरून गावाकडे वळलं की नाही. चाक घ्यायचंच तर फार तर एक इंच वाढवावं, आणि दुकानात डिझाइन पाहण्याआधी रिमचं वजन विचारावं.

दुकानदारानं त्या रिमवर साबणाचं पाणी ओतलं. वाकलेल्या कडेपाशी बारीक बुडबुडे उठले : चीर. गाडीत स्टेपनी नव्हतीच. संध्याकाळी ती पिकअपवर लादून अमरावतीला गेली.