टीएएजी: विषाणूच्या चार अक्षरांचा इतिहास

ग्रासरी हा रोग झालेल्या रेशीमकिड्याच्या पेशींत चमकदार, अनेक पैलूंचे स्फटिक दिसतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. त्या स्फटिकांत काठीसारखे विषाणू दडलेले असतात, हे जर्मनीत बेर्गोल्ड यांनी १९४७मध्ये दाखवलं. हाच बॅक्युलोव्हायरस, लॅटिनमध्ये ‘बॅक्युलम’ म्हणजे काठी.

स्फटिक बनतात पॉलिहेड्रिन या प्रथिनाचे. संसर्गाच्या अखेरीस पेशी हे प्रथिन इतक्या प्रचंड प्रमाणात बनवते, की केंद्रक स्फटिकांनी गच्च भरून जातं. एका जनुकात एवढा जोर येतो कुठून?

उत्तर जनुकाच्या अलीकडच्या डीएनएत, म्हणजे प्रमोटरमध्ये आहे. संसर्गाच्या सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या विषाणूच्या जनुकांचे प्रमोटर यजमान कीटकाच्याच धाटणीचे असतात, त्यामुळे ती वाचायला यजमानाचं आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत काढणारं एन्झाइम, पुरतं. पण १९८१मध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. ते एन्झाइम बंद पाडणारं अल्फा-अमॅनिटिन हे अळंबीतलं विष घातलं, तरी विषाणूची उशिराची जनुकं वाचली जातच होती. म्हणजे वाचणारा बदलला होता! हे विषाणूचं स्वतःचं पॉलिमरेज १९९८मध्ये शुद्ध रूपात हाती आलं: एलईएफ-४, एलईएफ-८, एलईएफ-९ आणि पी४७, अशा चार प्रथिनांचं.

ते शोधतं डीएनएतली ‘टीएएजी’ ही चार अक्षरं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लोइस मिलर यांच्या गटाने पॉलिहेड्रिनच्या प्रमोटरमधली अक्षरं तुकड्यातुकड्याने बदलून पाहिली. टीएएजीला धक्का लागला की जनुक जवळजवळ मुकं होई. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं: टीएएजी आणि प्रथिनाच्या आरंभखुणेच्या मधली सुमारे ५० अक्षरं. अखेरच्या टप्प्यातला तो जबरदस्त उसळा तिथून येतो. व्हीएलएफ-१ हे विषाणूचं प्रथिन तिथेच चिकटतं.

प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणूला पॉलिहेड्रिनवाचून चालतं. म्हणूनच १९८३मध्ये टेक्सासमध्ये स्मिथ, समर्स आणि फ्रेझर यांनी या प्रमोटरपुढे मानवी बीटा-इंटरफेरॉनचं जनुक बसवलं, आणि कीटकाच्या पेशी ते बनवू लागल्या. पुढे लशींसाठीही हीच वाट वापरली गेली.

एक अडचण मात्र मुळातच आहे. हा प्रमोटर जोरात येतो तेव्हा पेशी मरणाला टेकलेली असते आणि प्रथिनांना साखरेच्या साखळ्या जोडून बाहेर धाडणारी तिची यंत्रणा ढासळत असते. अशा नाजूक प्रथिनांसाठी काही जण उत्पादन कमी मिळालं तरी आधी जागा होणारा प्रमोटर निवडतात.