प्रतिसादस्वातंत्र्य

घडणारी गोष्ट आपल्या हातात नसली, तरी तिला सामोरे कसे जायचे याची निवड काही अंशी आपल्याकडे उरते, ही कल्पना. व्याख्येतले ‘काही अंशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दोन हजार वर्षांचा वाद तो अंश केवढा यावरच चालला आहे. या नोंदीत आपोआप उमटते ती प्रतिक्रिया आणि तिच्यानंतर माणूस जे करतो तो प्रतिसाद, असा भेद केला आहे.

कल्पनेची सर्वांत काटेकोर मांडणी प्राचीन ग्रीस-रोममधील स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांची. त्यांतला एपिक्टेटस (सु. इ.स. ५०–१३५) रोममध्ये गुलाम होता आणि एका पायाने अधू होता. पुढे मुक्त झाल्यावर तो शिकवू लागला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यानंतर त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे शाळा काढली. त्याने स्वतः काहीच लिहिले नाही. शिष्य आरियनने टिपून ठेवलेली प्रवचने आणि त्यांतून काढलेली छोटी हस्तपुस्तिका यांवरून तो आपल्याला माहीत आहे. हस्तपुस्तिका सुरू होते तीच वाटणीने : मत, प्रेरणा, इच्छा आणि तिटकारा आपल्या हातात, शरीर, मालमत्ता, लौकिक आणि अधिकारपद हातात नाहीत. शरीरही दुसऱ्या वाट्यात टाकलेले पाहून आजचा वाचक अडखळतो. ज्याचे शरीर कायद्यानेच दुसऱ्याच्या मालकीचे होते, त्याला त्यात नवल वाटले नसावे.

सगळे कार्यकारणाने बांधलेले असेल तर निवडीला जागा कुठली, हा आक्षेप स्टोइकांवर आधीपासून होता. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील स्टोइक क्रिसिपसचे उत्तर सिसरो या रोमन लेखकाने नोंदवले आहे. दंडगोल ढकलला की तो गडगडत जातो, शंकू ढकलला की गिरकी घेतो. धक्का बाहेरचा, पण चाल ज्याच्या त्याच्या घडणीची. उत्तर चतुर आहे, तरी पुरे पडत नाही. आपली घडण तरी आपण कुठे निवडलेली असते? म्हणूनच स्टोइकांनी वादापेक्षा रोजच्या सरावावर अधिक भर दिला असे दिसते.

‘स्टोइक’ म्हणजे दगडी चेहऱ्याचा माणूस हा समज मात्र चुकीचा आहे. ऑलस गेलियस या दुसऱ्या शतकातील रोमन लेखकाने एका समुद्रप्रवासाची हकिकत दिली आहे. जहाज वादळात सापडले आणि सगळ्यांबरोबर एक नामांकित स्टोइक तत्त्वज्ञही पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत सहप्रवाशाने त्याला टोमणा मारला : मी घाबरलो नाही, मग तुम्ही कसे घाबरलात? त्याला तत्त्वज्ञाने वाटेला लावले. गेलियसने मात्र नंतर आदराने कारण विचारले, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा खंड काढून दिला. त्यात लिहिले होते की अचानक आदळणाऱ्या गोष्टीने शहाणाही दचकतो, त्याचा रंग उडतो. हे बुद्धीच्या आधी घडते. ‘हे खरोखरच भयंकर आहे’ या मताला संमती द्यायची की नाही, एवढेच त्यानंतर उरते आणि निवड तिथे असते. रोमन स्टोइक सेनेकानेही रागाविषयी लिहिताना शहारे येणे, चेहरा लाल होणे यांना ‘पहिल्या हालचाली’ म्हणून दोषमुक्त केले आहे. लोकप्रिय उपदेशात नेमका हाच भाग गळतो, आणि मग लोक स्वतःच्या थरथरत्या हातांचीच लाज बाळगत बसतात.

भारतीय परंपरेत हा विचार वेगळ्या वाटांनी आला. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे : शरीराची वेदना हा पहिला बाण, तिच्यावरचा शोक हा दुसरा. भगवद्गीतेतील ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ सर्वांना पाठ असते, पण अठराव्या अध्यायातला श्लोक इथे अधिक नेमका आहे. त्यात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत आणि पाचवे ‘दैव’ आहे. कर्ता हा पाचांतला एक. बौद्ध आचार्य शांतिदेवाने (आठवे शतक) बोधिचर्यावतारात म्हटले आहे की साऱ्या पृथ्वीला मढवायला चामडे कुठून आणणार? पायात पादत्राण घातले की पृथ्वी मढलीच.

विसाव्या शतकात या कल्पनेशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव म्हणजे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल (१९०५–१९९७). १९४२ ते १९४५ या काळात ते तेरेझिनश्टाट, आउश्वित्झ आणि आणखी दोन नाझी छळछावण्यांत होते. परिस्थितीकडे कोणत्या वृत्तीने पाहायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य माणसाकडून शेवटपर्यंत हिरावता येत नाही, असे त्यांनी १९४६च्या पुस्तकात लिहिले. ‘उद्दीपन आणि प्रतिसाद यांच्यामध्ये एक अवकाश असतो’ हे त्यांच्या नावे सर्वत्र फिरणारे वाक्य मात्र त्यांच्या लेखनात सापडत नाही. टाळता येण्याजोगे दुःख सोसणे याला त्यांनी शौर्य मानले नाही. कारण दूर करता येत असेल तर आधी ते दूर करा, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे होते.

मानसशास्त्रात हा विषय अनेक नावांनी विखुरला आहे. जुलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये ‘नियंत्रणस्थान’ मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली : आयुष्यातल्या घटना आपल्यामुळे घडतात की नशिबाने आणि इतरांमुळे, असे माणसाला वाटते ते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ‘शिकलेली असहायता’ मांडली. सुमारे ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपला सिद्धान्त उलटा केला. दीर्घ त्रासात गलितगात्र होणे ही मुळातली अवस्था आहे. ‘आपण काही करू शकतो’ हे मेंदूला शिकावे लागते, असे त्यांनी मान्य केले. स्वतःचे गाजलेले मत असे मोडीत काढणारे संशोधक थोडे.

जेम्स ग्रॉस यांच्या १९९८ मधील प्रयोगात किळसवाणी चित्रफीत पाहताना काहींनी तिच्याकडे तटस्थपणे पाहिले, तर काहींनी चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा प्रयत्न केला. पहिल्यांची किळस कमी झाली. दुसऱ्यांची झाली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. पण अर्थ बदलून पाहण्याचे हे कौशल्य सर्वत्र उपयोगी नाही. अ‍ॅलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, ताण आवाक्याबाहेरचा होता तिथे या कौशल्यात तरबेज असलेल्यांमध्ये नैराश्य कमी आढळले. ताण आवाक्यातला होता तिथे मात्र जास्त. जी परिस्थिती बदलता येते तिच्याविषयी मनाची समजूत काढत राहिले, तर ती तशीच राहते. तेव्हा अवघड काम शांत राहण्याचे नसून वाटणीचे आहे, आणि वाटणी चुकली की हाच विचार अन्याय निमूट सोसायला लावतो. सत्तेवरचे लोक पीडितांना हा उपदेश करू लागले की संशय घ्यावा.

अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांनी विद्यापीठात एपिक्टेटस वाचला होता. सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांचे विमान उत्तर व्हिएतनामवर पडले. पाय मोडला आणि १९७३ पर्यंत ते कैदेत राहिले. छळाखाली प्रत्येक जण कधी ना कधी मोडतो, हे तिथे त्यांनी गृहीतच धरले. कोणत्या गोष्टींना नकार द्यायचा, याचे मोजके नियम त्यांनी ठरवले आणि कैदी ते भिंतीवर ठोकून सांकेतिक भाषेत एकमेकांना कळवत. छळातून परत आणलेल्या माणसाने पहिले काम करायचे ते शेजारच्या कोठडीची भिंत ठोकून काय काय कबूल केले ते सांगण्याचे.